जहाजातला आमचा वाटा

कोल्हापूरला समुद्र नाही. रंकाळा आहे, पंचगंगा आहे, आणि पावसाळ्यात ती गावात शिरली म्हणजे नावा काढाव्या लागतात. आमचे दर्यावर्दीपण तेवढेच. त्यामुळे सरकारी जहाजांच्या कंत्राटांत देशी माल किती असला पाहिजे, हा विषय या सदरात पाहून काही वाचक पान उलटतील. त्यांनी जरा दम धरावा. हा विषय आमच्याकडे मुंबईच्या गोदीतून आलेला नाही. तो शिरोलीच्या एमआयडीसीतून, एका भाड्याच्या शेडमधून आला आहे.

आमचे एक स्नेही आहेत. वीस-बावीस वर्षे त्यांनी एका फौंड्रीत काढली. नंतर मिळालेली रक्कम आणि वहिनींच्या दागिन्यांवर काढलेले कर्ज, असे मिळून त्यांनी तीन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन टाकले. आता फौंड्रीतून आलेले बिडाचे ओतीव भाग घासून, भोके पाडून, मापात आणून परत द्यायचे, असे जॉबवर्क ते करतात. स्वतः ते, दोन पोरे आणि हिशेबाला वहिनी. गेल्या महिन्यात त्यांचा निरोप आला, "रविवारी येऊन जावा, एक कागद आलाय, सही करावी का नको कळंना झालंय."

आम्ही गेलो. शेडमध्ये पंपाच्या केसिंगची रांग लावलेली होती. कागद दोन पानांचा, सगळा इंग्रजीत. मजकूर असा की, या मालातील स्थानिक घटकांचे प्रमाण इतके टक्के आहे, हे आम्ही प्रमाणित करतो. खोटे निघाल्यास होणाऱ्या कारवाईस आम्ही जबाबदार राहू. टक्क्याची जागा कोरी होती. खाली मालकाची सही आणि शिक्का. फौंड्रीच्या माणसाने तोंडी सांगितले होते की सही करून द्या, नाहीतर पुढचा लॉट थांबेल. पंप परगावच्या एका कंपनीचे आणि त्यांतले काही जहाजावर जायचे. "आता माझ्या लेथवरनं जहाज चाललंय म्हटल्यावर बरं वाटलं बघा," ते म्हणाले, "पन सही करताना हात थांबला."

हात थांबला हे चांगले झाले. आमच्या लोकांनी न वाचता केलेल्या सह्यांचा इतिहास फार मोठा आहे. त्या रविवारी आम्ही तो कागद वाचला आणि पुढचे पंधरा दिवस त्यामागचे आदेश वाचले. कारकुनी करून एवढी एक खोड अंगी लागली आहे की कागद हाती आला म्हणजे त्याचा मूळ आदेश सापडेपर्यंत चैन पडत नाही.

मूळ आदेश १५ जून २०१७ चा. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी खरेदी करताना देशात तयार झालेल्या मालाला प्राधान्य द्यायचे, असा तो आदेश. १६ सप्टेंबर २०२० ला तो अधिक कडक झाला. ज्याच्या मालात स्थानिक घटक ५० टक्के किंवा जास्त, तो पहिल्या वर्गाचा पुरवठादार. २० च्या वर पण ५० च्या आत, तो दुसऱ्या वर्गाचा. २० च्या खाली असेल तो बिगरस्थानिक. प्राधान्य मिळते ते फक्त पहिल्या वर्गाला. त्याशिवाय २०० कोटींपर्यंतच्या खरेदीसाठी जागतिक निविदा काढायचीच नाही, वरून खास मंजुरी असेल तरच काढायची, असेही २०२० मध्ये ठरले. लष्करी खरेदीची नियमावली वेगळी. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या त्या नियमावलीतही देशी घटकांच्या टक्केवारीची अट आहे. मुंबईची माझगाव गोदी, वास्कोची गोवा शिपयार्ड, कोचीनची आणि कोलकात्याची गोदी या सगळ्या सरकारी कंपन्या. नौदलाचे जहाज बांधायचे कंत्राट त्यांना मिळते आणि जहाजाला लागणाऱ्या हजारो वस्तू त्या बाहेरून घेतात. तिथून ही टक्केवारीची अट एकेक पायरी उतरत खाली येते, आणि शेवटी शिरोलीच्या शेडमध्ये दोन पानांचा इंग्रजी कागद होऊन पडते.

प्राधान्य म्हणजे काय तेही समजून घ्या, कारण नावावरून गैरसमज होतो. समजा सर्वांत कमी दर परदेशी मालवाल्याचा आला. कार्यालयात त्याला एल-वन म्हणतात. आता पहिल्या वर्गाचा देशी पुरवठादार त्याच्या दराच्या २० टक्क्यांच्या आत असेल, तर त्याला विचारले जाते की, बाबा, एल-वनच्या दरात देतोस का? तो हो म्हणाला तर, माल विभागून घेता येण्याजोगा असल्यास निम्मी ऑर्डर त्याला. विभागता येत नसल्यास पूर्ण ऑर्डर त्याला. म्हणजे जास्त पैसे कोणी देत नाही. संधी देतात, दर मात्र उतरवूनच घेतात.

आता टक्केवारी कशी काढतात ते. बी.कॉम.च्या परीक्षेत हा प्रश्न आला असता तर आम्हांला पाच गुण नक्की मिळाले असते. वस्तूची कर सोडून किंमत घ्या, त्यातून आयात केलेल्या भागांची किंमत सीमाशुल्कासह वजा करा. उरले ते स्थानिक. आकडे समजण्यापुरते घेऊ. पंपसेटची किंमत २ लाख रुपये. त्यात परदेशी सील १८ हजारांचे, बेअरिंग १२ हजारांचे, मोटारीतले आयात भाग ५० हजारांचे. एकूण आयात ८० हजार. उरले १ लाख २० हजार, म्हणजे ६० टक्के. पहिला वर्ग. पण मोटार सबंध बाहेरून एक लाखाला आणली तर आयात १ लाख ३० हजार होते आणि स्थानिक घटक ३५ टक्क्यांवर येतो. वर्ग दुसरा, प्राधान्य गेले.

इथे पळवाटा पुष्कळ निघाल्या, आणि सरकारने त्या एकेक करून बुजविल्या. कोणी म्हणाला, बेअरिंग मी उद्यमनगरच्या दुकानातून रुपये मोजून घेतले, बिल कोल्हापूरचे आहे, मग ते देशीच. तसे चालत नाही. आयात माल इथल्या व्यापाऱ्याकडून घेतला म्हणून तो देशी होत नाही. कोणी वाहतूक, विमा, जोडणी, देखभाल यांचा खर्च स्थानिक म्हणून दाखवू लागला. ४ मार्च २०२१ च्या खुलाशाने तेही बंद झाले. १० कोटींच्या वरच्या खरेदीला नुसती स्वतःची सही पुरत नाही, ऑडिटरचा किंवा कॉस्ट अकौंटंटचा दाखला लागतो. खोटे सांगितले तर दोन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीतून बाद.

म्हणून आमच्या स्नेह्यांचा हात थांबला तो बरोबर थांबला. त्यांच्या शेडमध्ये जे लोखंड येते ते त्यांचे नाही. फौंड्रीच्या भट्टीत पिग आयर्न पडते, भंगार पडते, आणि भंगार तर परदेशातूनही येते. त्या ओतीव भागात आयात किती, हे भट्टीवाल्यालाच माहीत. यांनी फक्त मजुरी केली. ती मजुरी शंभर टक्के देशी आहे, नव्हे शंभर टक्के शिरोलीची आहे. पण सगळ्या केसिंगचा टक्का यांनी का लिहावा? आम्ही त्या कागदाच्या जोडीला दुसरा कागद तयार केला: सदर भागावर केवळ यंत्रकाम आमच्याकडे होते, कच्चा माल आपला असल्याने त्याबाबतचे प्रमाणपत्र आपण द्यावे, आमच्या कामात आयात घटक नाही. चार ओळी. पण त्या चार ओळींनी जोखीम जिथली तिथे राहिली. मोठा धंदा जबाबदारी खाली ढकलतो आणि नफा वर ठेवतो, हा कागद त्याचाच एक प्रकार होता. वरच्याला दाखला हवा असतो, तो खालच्याकडे मागतो, तो आणखी खालच्याकडे, आणि सर्वांत खाली असतो आपला माणूस, ज्याला इंग्रजी येत नाही.

बरे, या ६० टक्क्यांत त्यांना काय मिळते? एका केसिंगची मजुरी नऊशे रुपये धरा. दोन लाखांच्या पंपात नऊशे रुपये म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. आम्ही हे सांगितल्यावर ते हसले. "म्हंजे टक्क्याच्या कागदावर सही करायची आनि टक्का काय आपला न्हाई."

देशी मालाची अट मुळात चुकीची आहे, असे मात्र कोणी समजू नये. तिच्यामागे अनुभव आहे. २०१४ साली क्रिमियाचे प्रकरण झाले आणि युक्रेनने रशियाला जहाजांची इंजिने देणे बंद केले. त्याच वेळी आपल्याला रशियाकडून ज्या फ्रिगेटी घ्यायच्या होत्या त्यांची गॅस टर्बाइने युक्रेनची. शेवटी भारताने ती टर्बाइने स्वतः युक्रेनकडून विकत घेऊन रशियाच्या गोदीला पोचविली. भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या मध्ये आपण भांडी घेऊन उभे, असा तो प्रकार. त्यांतली 'तुशिल' डिसेंबर २०२४ मध्ये आणि 'तमाल' १ जुलै २०२५ रोजी नौदलात आली. 'तमाल'मध्ये देशी घटक २६ टक्के सांगितला गेला, आणि परदेशात बांधून घेतलेली ही शेवटची युद्धनौका, असेही जाहीर झाले. त्याच जातीच्या दोन नौका गोवा शिपयार्डमध्ये बांधायला घेतल्या. पहिली 'त्रिपुत' जुलै २०२४ मध्ये पाण्यात उतरली. कोल्हापूरहून आंबोलीचा घाट उतरले की वास्को काही फार लांब नाही.

उलट विमानवाहू 'विक्रांत' पाहा. तिच्यासाठी बाहेरून पोलाद मिळेना, म्हणून हैदराबादच्या सरकारी धातुसंशोधन प्रयोगशाळेने आणि 'सेल' या सरकारी पोलाद कंपनीने खास पोलाद देशातच तयार केले. सुमारे ३० हजार टन लागले. २ सप्टेंबर २०२२ ला ती नौदलात दाखल झाली. देशी घटक ७६ टक्के. माझगाव गोदीची नवी 'निलगिरी' आणि 'सूरत' १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाल्या, त्यांतही देशी घटक ७५ टक्क्यांच्या आसपास. याच गोदीने पहिली 'निलगिरी' १९७२ साली दिली होती, पण तिचा नकाशा ब्रिटिशांचा होता. आता नकाशाही आपला. मात्र गॅस टर्बाइने अजून बाहेरूनच आणावी लागतात. मोठी सागरी इंजिने इथे बनावीत म्हणून २ एप्रिल २०२५ रोजी नौदलाने किर्लोस्कर ऑईल इंजिन्सबरोबर सहा मेगावॅटच्या डिझेल इंजिनाचा करार केला. खर्च २७० कोटी, त्यातला ७० टक्के सरकारचा. या कंपनीचा एक कारखाना आमच्या कागलच्या पंचतारांकित वसाहतीत आहे. ते इंजिन कुठे बनेल ते बनो. पण इंजिन म्हटले की बीड आले, आणि बीड म्हटले की कोल्हापूर आले. इथे लहानमोठ्या मिळून तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत.

अट घातली की जहाजे बनू लागतात, असेही नाही. अमेरिकेने १९२० साली जोन्स कायदा केला: अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेले पाहिजे. शंभर वर्षे झाली. आज व्यापारी जहाजे बांधण्यात अमेरिका कुठेच नाही. जगातली बहुतेक जहाजे चीन, कोरिया आणि जपान बांधतात. कुंपण घातले म्हणून पीक येतेच असे नाही. आपला वाटा तर एक टक्क्याच्याही आत. म्हणून २४ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर केली. एवढा पैसा जिथे वाहणार, तिथे पाट कोणाच्या शेतातून जाणार, हे आपण विचारायचे नाही तर कोणी विचारायचे?

स्वदेशी हा शब्द ऐकला की आमच्या जुन्या माणसांच्या मनात थोडी पाल चुकचुकते. त्याला कारण आहे. गावगाड्यात सगळी खरेदी स्थानिकच होती. सुतार गावातला, चांभार गावातला, कुंभार गावातला आणि महारही गावातलाच. स्थानिक घटक शंभर टक्के! बाहेरून काही आणायचे नाही. पण बलुतेदाराला दर ठरविण्याचा हक्क नव्हता, काम नाकारण्याचा हक्क नव्हता, आणि सुगीला खळ्यावर जे पदरात पडेल ते घेऊन जायचे. माल कुठे तयार झाला एवढाच प्रश्न विचारला, तर गावगाडा पहिल्या वर्गाचा पुरवठादार ठरेल. म्हणून आम्ही दुसरा प्रश्न विचारतो: मालक कोण?

हा प्रश्न विचारायला कोल्हापूरकराला तरी संकोच वाटू नये. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने शाहू महाराजांनी राखीव जागा दिल्या, हे सगळे सांगतात. पण गंगाराम कांबळ्यांचे हॉटेल तेवढे लक्षात घेत नाहीत. पागेतल्या पाण्याला शिवले म्हणून गंगारामांना मार बसला. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल निघाले. चहा चांगला होता, कपबश्या स्वच्छ होत्या, फक्त गिऱ्हाईक येत नव्हते. मग महाराज गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. आम्ही कारकून माणूस, आम्हांला यात दिसते ती सरकारी खरेदी. भांडवल कर्जाने मिळते, जागा भाड्याने मिळते. गिऱ्हाईक मात्र जातीच्या भिंतीपलीकडून यावे लागते. त्या दिवशी दरबारच गिऱ्हाईक झाला.

बाबासाहेबांनाही हे अचूक दिसले होते. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात नोकऱ्या होत्या, शिक्षण होते, तशीच सरकारी बांधकाम खात्याच्या कंत्राटांत वाटा देण्याची मागणीही होती. नोकऱ्यांचे पुढच्याच वर्षी काहीतरी झाले. कंत्राटांचे केंद्राच्या पातळीवर व्हायला ७० वर्षे लागली.

१ एप्रिल २०१२ पासून केंद्राचे लघुउद्योगांकडून खरेदीचे धोरण लागू झाले; २०१५ पासून ते बंधनकारक झाले. सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी आधी २० आणि २०१८ नंतर २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावी. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. निविदेचा फॉर्म फुकट, अनामत रक्कम माफ, दर एल-वनच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर त्या दराला उतरून पुरवठ्याची संधी. शस्त्रास्त्रांची खरेदी या हिशेबातून वगळली आहे; पण गोदीला लागणारे पंप, झडपा, नळ्या, फर्निचर, रंग, कामगारांचे गणवेश ही काही शस्त्रे नव्हेत.

चार टक्के ऐकून आम्ही खूष झालो होतो. मग पुढचे वाक्य वाचले. असे उद्योग निविदेत भाग घेण्यात किंवा अटी व दर पूर्ण करण्यात कमी पडले, तर हे चार टक्के इतर लघुउद्योगांकडून भरून घ्यावेत! वाचकहो, नोकरीच्या जाहिरातीतले 'योग्य उमेदवार न मिळाल्यास' हे शब्द आठवले की नाही? तिथे निदान अनुशेष म्हणून जागा पुढे तरी ओढली जाते आणि त्यासाठी मोर्चा तरी काढता येतो. इथे अनुशेषच नाही. ३१ मार्चला वही बंद, १ एप्रिलला कोरी पाटी. संसदेत मंत्र्यांनी वेळोवेळी दिलेली उत्तरे पाहिली तर केंद्रीय कंपन्यांची खरेदी लघुउद्योगांकडून २५ टक्क्यांच्या वर जाते, पण आपले चार टक्के आजवर भरलेले नाहीत, जवळपासही गेलेले नाहीत.

निपाणीच्या पलीकडे कर्नाटकाने दुसरा रस्ता धरला. राज्याच्या निविदा कायद्यात दुरुस्ती करून ५० लाखांपर्यंतच्या कामांत अनुसूचित जातींना १७.१५ आणि जमातींना ६.९५ टक्के कामे राखून ठेवली, आणि पुढे ती मर्यादा वाढविली. तिथे दर उतरवण्याची भानगड नाही. काम राखीव म्हणजे राखीव. पंचगंगेच्या अलीकडे बसून आम्ही ते नुसते पाहतो.

पुरवठादारच मिळत नाहीत, असे अधिकारी सांगतात. ते सगळे खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. जहाजाला लागणारा माल सोपा नसतो. खाऱ्या पाण्याच्या पंपाला साधे बीड चालत नाही, ब्राँझ लागते. वितळवलेल्या प्रत्येक घाणाची रासायनिक तपासणी, दाबाखाली पाण्याची चाचणी, जहाजांची तपासणी करणाऱ्या संस्थेच्या इन्स्पेक्टरचा शिक्का, आणि कागद वर्षानुवर्षे जपून ठेवायचे. आमच्या स्नेह्यांकडे मापे घेण्याची साधने आहेत, पण त्यांचे वेळच्या वेळी प्रमाणीकरण केलेले नव्हते. हातातले कसब अव्वल, कागदावर शून्य. त्यातून पैसे अडकतात. २००६ च्या कायद्याप्रमाणे लघुउद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर बँकदराच्या तिप्पट व्याज. पण पुढचा लॉट ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला छाती लागते. वहिनींच्या वहीत आम्ही पाहिले, एक बिल पाचव्या महिन्यात वसूल झाले होते. सोन्याच्या कर्जाचे व्याज मात्र महिन्याच्या महिन्याला.

दुसरी अडचण आपल्या घरातली आहे. उद्योग अनुसूचित जातीचा ठरायला मालकी किमान ५१ टक्के आपल्या माणसाची पाहिजे आणि जातीचा दाखला पाहिजे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, त्याला आता पस्तीस वर्षे झाली. तरी पुष्कळांच्या घरी दाखला आहे तो राज्याच्या कामापुरता. केंद्राच्या खरेदीला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. पोराच्या केंद्रीय नोकरीच्या वेळी धावपळ होते तीच इथेही होते. ज्यांचा लहानसा का होईना कारखाना, वर्कशॉप, शिलाईकेंद्र आहे त्यांनी हा दाखला काढून ठेवावा. प्रांत कार्यालयातला खेटा आज घातलेला बरा, निविदेची मुदत चार दिवसांवर आल्यावर नको. उद्यमची नोंदणी तर फुकट होते. त्यासाठी दलालाला पैसे देणारे लोक पाहिले की वाईट वाटते.

आणि एक ओंगळ प्रकार. सवलत आली की भाड्याची नावे येतात. कारखाना एकाचा, सातवी शिकलेल्या आपल्या कामगाराचे नाव मालक म्हणून लावायचे, महिन्याला चार पैसे जास्त द्यायचे. हा गुन्हा आहे हे त्या कामगाराला माहीत नसते. पकडला गेला की तोच जातो. बायकांच्या तीन टक्क्यांचेही तेच. नाव बाईचे, कारभार बुवाचा.

हे बोलणे चालू असताना वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. शेडची सगळी बिले, जीएसटीची तारीख, कोणत्या लॉटचे किती नग रिजेक्ट झाले, हे त्यांनाच पाठ. आम्ही सहज म्हणालो, धंदा यांच्या नावावर करता आला तर चार टक्क्यांतही बसेल आणि तीन टक्क्यांतही; मात्र बँकेपासून उद्यमपर्यंत सगळे नव्याने करावे लागेल. स्नेही म्हणाले, "करू की. नावच लावायचं हाय."

वहिनींनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "भाऊजी, नाव माझं घाला. पन चेकवर सही बी माझीच राहील, आनि लेथवाल्या पोरांचा पगार मी ठरवनार. जमत असंल तर सांगा."

स्नेही जरा वेळ केसिंगच्या रांगेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बघू, पुढच्या रविवारी फॉर्म घिऊन या." चार ओळींचा तो कागद त्यांनी सोमवारी फौंड्रीत दिला. फौंड्रीवाला कुरकुरला, पण लॉट बुधवारी आला. फॉर्म आमच्या पिशवीत आहे, आणि मालकाच्या नावाचा रकाना आम्ही अजून कोरा ठेवला आहे.